वाट पाहण्याचे वाङ्मय

परप्रांतातील मराठी मंडळात भाषा दिनाची सभा भरावी आणि तीत फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचे नाव निघू नये, असे बहुधा घडत नाही. वक्ता उभा राहतो. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज पाद्र्याने फुले, सुगंध आणि पाखरे यांच्या उपमा देऊन आपल्या भाषेला सर्व भाषांत वरचढ ठरविले, हे सांगतो. टाळ्या पडतात आणि मंडळी चहाकडे वळतात. म्हैसुरास बदलून आल्यापासून हे भाषण आम्हीही दोनदा केले. दुसऱ्या खेपेस मात्र चहाच्या वेळी एका कानडी सहकाऱ्याने अगदी साधेपणाने विचारले, ‘‘ती प्रशस्ती झाली, पण त्या ग्रंथात पुढे काय आहे?’’ आम्ही पदवीस मराठी घेतले होते, तरी उत्तर देता आले नाही. ग्रंथ आम्ही वाचलाच नव्हता; त्यातील आपली स्तुती तेवढी वाचली होती. सत्कारपत्र भिंतीवर लावावे आणि ते देणारा कोण होता हे विसरावे, तसे हे झाले. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

टॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत मायदेशी परतले नाहीत. त्या चाळीस वर्षांचा मोठा भाग त्यांनी साष्टी प्रांतात काढला. त्यांचे पुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ अध्याय असून ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या आसपास भरते. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनापर्यंतची कथा येते. दुसऱ्यात येशूचा जन्म, कार्य, छळ, मरण आणि पुनरुत्थान. छंद ओवीचा, आरंभीचे नमन ज्ञानेश्वरीच्या वळणावर गेलेले, स्वर्गाला शब्द वैकुंठ. देवनागरीत हा ग्रंथ शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून काढला आणि १९९६ साली कारिदाद द्रागो यांनी पुन्हा संपादिला. म्हणजे गेली साठ-सत्तर वर्षे तो मराठी वाचकाच्या हाताशी आहे. वाचला न जाण्याचे कारण आता लिपी नव्हे.

ग्रंथाच्या प्रारंभीच एक प्रसंग आहे आणि आमच्या मते साऱ्या पुराणाची किल्ली तेथे आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तुमच्या धर्माचे पुराण आम्हांस का देत नाही? या प्रश्नामागे काय होते, हे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. कीर्तन थांबले होते, पोथ्या गेल्या होत्या. पोर्तुगीज सत्तेच्या छायेत झालेल्या त्या धर्मांतरांत बळ किती, लोभ किती आणि मन किती, याचा हिशेब आज कोणासही पुरता लागणार नाही. परंतु एवढे खरे, की त्या माणसाला संध्याकाळी दिवा लावल्यावर ऐकायला काही उरले नव्हते. नुसती प्रश्नोत्तरे पाठ करून माणूस धर्मात दाखल होतो. धर्मात राहण्यासाठी त्याला कथा लागते. स्टीफन्स यांनी ही रिकामी जागा ओळखली आणि ती ओवीने भरली, हे त्यांचे थोरपण. ती जागा रिकामी करणाऱ्या सत्तेच्याच आश्रयाने ते आले होते, ही त्या थोरपणाची मर्यादा. टीकाकाराने दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेविल्या पाहिजेत.

पुढे त्याच सत्तेने भाषेवरही हात टाकला. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी १६८४ साली हुकूम काढला, की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत तारणाची कथा सांगितली होती, तीच भाषा निषिद्ध ठरू लागली. तथापि पुराण मेले नाही. छापील प्रती नाहीशा झाल्या, पण माणसांनी ते हातांनी उतरून घेतले. ग्रंथ पवित्र आहे, एवढ्या कारणावर कोणी अकरा हजार ओव्या उतरून काढीत नाही. त्यावाचून चालत नाही, तेव्हाच काढतो.

त्यावाचून का चालत नव्हते? पहिले पुराण वाचताना उत्तर हळूहळू उलगडते. हे छत्तीस अध्याय म्हणजे मूलतः वाट पाहण्याची कथा आहे. आदिपुरुषाच्या हातून चूक होते, बाग सुटते, आणि बाग सुटत असतानाच एक वचन मिळते. मग पिढ्यांमागून पिढ्या त्या वचनाच्या भरवशावर जगतात. अब्राहाम घर सोडतो. त्याचे वंशज मिसर देशात दास्यात पडतात. मोशे त्यांना बाहेर काढतो, पण वचनाची भूमी लांबून पाहून मरतो. ज्यांनी वाट पाहिली त्यांतील बहुतेकांनी येणाऱ्यास पाहिले नाही. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या आमच्यासारख्यास येथे थबकावे लागले. पंढरीच्या कथेत वाट पाहणारा देव आहे. भक्ताची सेवा आटोपेपर्यंत तो विटेवर उभा आहे. स्टीफन्स यांच्या पुराणात माणूस उभा आहे आणि देव वाटेत आहे. दोन्ही कथांचा प्राण विश्वास हाच. परंतु दुसरीत माणसाच्या पायांना कळ लागते, आणि त्या कळेसकट उभे राहणे हीच तेथे आशेची व्याख्या आहे. मराठीत आपण ‘आशा’ हा शब्द पुष्कळदा लोभाच्या शेजारी बसवितो. ‘वाट पाहणे’ मात्र आपल्याला ओवीपासून अंगाईपर्यंत सर्वत्र ठाऊक आहे. स्टीफन्स यांच्या कथेचा मराठी प्राण आम्हांस या वाट पाहण्यात दिसतो.

आता म्हैसुराकडे येतो. कारण हा ग्रंथ आमच्या बदलीच्या गावापासून आम्ही समजत होतो तितका दूर नाही. गोव्याहून निघून कॅनरा किनाऱ्यावर, मंगळूरच्या मुलखात वसलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी हे पुराण आपल्याबरोबर नेले होते. १७८४ च्या फेब्रुवारीत टिपू सुलतानाच्या हुकमाने हे लोक हजारोंच्या संख्येने धरले गेले आणि घाट चढवून श्रीरंगपट्टणास आणले गेले. नेमक्या आकड्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. वाटेत आणि बंदिवासात पुष्कळ माणसे दगावली याविषयी नाहीत. इंग्रजांना त्यांनी मदत केली असा सुलतानाचा संशय होता. त्याच्या राजकारणाचा निवाडा हा येथील विषय नव्हे. आमचा विषय एवढाच, की १७८४ पासून १७९९ पर्यंत, पंधरा वर्षे, या लोकांजवळ देऊळ नव्हते, पाद्री नव्हते आणि उघडपणे उपासना करण्याची मुभा नव्हती. त्या काळात ख्रिस्तपुराणाने आम्हांस धीर दिला, अशी आठवण त्या समाजात सांगितली जाते.

आठवणीला दप्तरी पुरावा मागणे हा आमच्या पेशाचा स्वभाव आहे. येथे पुरावा थोडा आडवाटेने मिळतो. १९०७ साली जे. एल. सालदान्हा यांनी मंगळूर येथे ख्रिस्तपुराणाची आवृत्ती काढली. छापील मूळ प्रत कोठेच नसल्यामुळे ती त्यांनी तिकडे जपलेल्या हस्तलिखितांवरून सिद्ध केली. म्हणजे ज्या समाजाची घरे, शेते आणि चर्चे एकदा उद्ध्वस्त झाली, त्याच समाजाच्या हातून हा मराठी ग्रंथ आपल्याला परत मिळाला. सालदान्हांची आवृत्ती नसती, तर भाषा दिनाच्या आमच्या भाषणांतील टाळ्यांचे वाक्यही कदाचित नसते. मराठीचे हे वैभव मराठी मुलखाबाहेर, ज्यांच्या घरची बोली कोकणी आणि ज्यांच्या बाजारची बोली तुळू-कानडी, अशा माणसांनी राखले. त्यांनी ते भाषेच्या अभिमानाने राखले नाही, गरजेने राखले. मिसरातील दास्याची ओवी श्रीरंगपट्टणात कोणी पुटपुटली असेल, तर तिला निराळ्या भाष्याची जरुरी पडली नसेल.

येथून तीनशे वर्षे पुढे येऊन महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांपाशी थांबले पाहिजे. कारण जी चूक आपण स्टीफन्स यांच्याविषयी केली, तीच टिळकांविषयीही केली आहे. पाठ्यपुस्तकांनी त्यांना फुलामुलांचा कवी केले. त्यांची निसर्गकविता गोड आहे यात शंका नाही. परंतु १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेणारा, त्यापायी घर, जात आणि मित्र गमावणारा, १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करणारा माणूस वगळून तो कवी उरतच नाही. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीगत प्रसिद्ध आहे. नोकरीसाठी गाव सोडून आगगाडीत बसलेल्या मराठी माणसाची ती हकीगत आहे, हे आमच्यासारख्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. पुढे टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली. पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मराठी तोंडात परकी वाटतात, हे त्यांनी ओळखले होते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. साष्टीतील ब्राह्मणाचा प्रश्न त्यांनी तीन शतकांनी पुन्हा ऐकला. फरक एवढाच, की या वेळी विचारणारा आणि उत्तर देणारा एकच होता.

तथापि टिळकांच्या भक्तिकवितेविषयी एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. त्यांची आशा पुष्कळदा फार लवकर पोहोचते. अभंगाच्या आरंभी व्याकुळता असते आणि चार चरणांत समाधान हाती येते. मधली रात्र वाचकाला काढावी लागत नाही. ती रात्र कोणी लिहिली असेल, तर लक्ष्मीबाईंनी.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत बाहेर आली. जलालपूरच्या सोवळ्याच्या घरात १८६८ साली जन्मलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली मुलगी १८८० साली टिळकांच्या घरात येते आणि लहरी, तापट, उदार, न सांगता निघून जाणाऱ्या कविराजांचा संसार सांभाळते. इथपर्यंतचा विनोद सर्वांना ठाऊक आहे आणि बहुतेक वाचक त्याच्याच आठवणीने हसतात. परंतु ग्रंथाचा कणा म्हणजे बाप्तिस्म्यानंतरची वियोगाची चार-साडेचार वर्षे. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेलेला, पदरी लहान मुलगा, आश्रय नातेवाइकांचा, आणि त्यातला काही काळ पंढरपुरात, वाट पाहणाऱ्या त्या देवाच्या गावी. लक्ष्मीबाई येथे विलाप करीत नाहीत आणि उपदेशही करीत नाहीत. काय घडले ते त्या सांगतात. मध्येच स्वतःच्या फजितीवर हसतात. या हसण्याला आपण स्वभाव म्हणून मोकळे होतो. आम्हांस तो स्वभाव नव्हे, निर्णय वाटतो. जिला शेवट ठाऊक आहे ती लेखिका शेवटाचा उजेड मागच्या पानांवर पाडीत नाही, हा त्यातला संयम. त्या दिवसांत पुढले काही दिसत नव्हते. म्हणून त्या पानांतही दिसत नाही.

इंग्रजीत या ग्रंथाचे भाषांतर १९५० साली जोसेफीन इंक्स्टर यांनी केले. त्यांनी दिलेल्या शीर्षकाचा अर्थ ‘मी मागून येते’ असा होतो. शांता गोखले यांनी २०१७ साली केलेल्या भाषांतराच्या शीर्षकातही त्या ‘पत्नी’ आहेत, मग ती बाणेदार का असेना. या दोन्ही नावांशी आम्ही पुरते सहमत नाही. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती म्हणून नव्हे. एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ निराळे ठेविले. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपला आपण सोडविला आणि तो माणसाचा उद्योग आहे असे ठरल्यावर कोणाच्याही हातचे अन्न वर्ज्य मानले नाही. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. मागून येणारे माणूस इतका वेळ घेत नाही. ज्या बापाच्या घरी बाजारातून आलेली प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यावी लागे, तेथून ज्या घरात अनाथ पोरांची पंगत बसते तेथवरचे अंतर हे एका बाईने स्वतःच्या पायांनी तोडलेले अंतर आहे. आशा म्हणजे बाहेरून मिळणारे आश्वासन नव्हे, तर माणसाच्या विचारात आणि वागण्यात होणारा पालट, असे या ग्रंथावरून म्हणता येईल. लेखिका मात्र ते कोठेही म्हणत नाही.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी योजलेले महाकाव्य पहिल्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. चौसष्ट अध्याय त्यांनी रचले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. अखेरचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ छापून आला. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रां’च्या जवळपासही येत नाही, हे सांगण्यास आम्ही कचरणार नाही. ओवी सरळ चालते, पण चालतच राहते. जेथे थांबून पाहावे तेथेही ती पुढल्या प्रसंगाची घाई करते. गद्यात जी बाई एका वाक्यात माणूस उभे करते, ती पद्यात कथेच्या पावित्र्यापुढे डोळे वर करीत नाही. तरीही, एकाने आरंभिलेले, दुसरीने उचललेले आणि तिसऱ्याने पुरे केलेले हे पुस्तक हाती घेतले म्हणजे स्टीफन्स यांच्या पहिल्या पुराणाची आठवण होते. वचन एकाला मिळावे, वाट दुसऱ्याने चालावी, मुक्काम तिसऱ्याने पाहावा. कथेत जे घडते ते येथे कथा लिहिणाऱ्यांच्या घरात घडले.

दोष स्टीफन्स यांच्यातही आहेत. जुन्या देवतांवर ते तुटून पडतात, तेथे आजच्या वाचकाचे मन दुखावते आणि काव्यही दुबळे होते. कारण वाद जिंकण्याच्या भरात वाट पाहण्याचा सूर हरपतो. यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. ज्या पानावर लेखक दुसऱ्याच्या श्रद्धेला खोटे ठरविण्यात गुंतलेला असतो, त्या पानावरील आशा त्या पानापुरतीच टिकते. जेथे त्याने आपल्याच माणसांचे दुःख आधी मान्य केले आहे, तेथील आशा पंधरा वर्षांचा बंदिवासही ओलांडून जाते. ही कसोटी ख्रिस्ती वाङ्मयालाच लागू आहे असे नव्हे. आमच्या संतांच्या टीकाकारांनीही ती लावून पाहावी.

आम्ही ख्रिस्ती नाही आणि हा लेख लिहून होण्याचा संभवही नाही. घरी देव्हारा आहे, आषाढीस उपास आहे. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धेतून उगवलेले वाङ्मय वाचताना त्यातील श्रद्धा बाजूला काढून केवळ भाषा, केवळ निसर्ग, केवळ विनोद चाखावा, ही रीत सभ्य दिसली तरी ते अपुरे वाचन आहे. स्टीफन्स यांची भाषास्तुती, टिळकांची फुले आणि लक्ष्मीबाईंचे हसू ही तिन्ही ज्या मुळावर उभी आहेत, ते मूळ म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवून आजचा दिवस नीट जगणे. ते आपल्याला पटो वा न पटो, त्याचे नाव तरी घ्यावे.

श्रीरंगपट्टण येथून पंधरा-सोळा किलोमीटरांवर आहे. गावाकडून पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना तेथे नेतो. रंगनाथाचे देऊळ, टिपूचा महाल आणि कावेरी दाखवितो. परत येताना संत फिलोमिनाच्या चर्चचे उंच जोड मनोरे दिसतात. त्याची कोनशिला १९३३ साली महाराज कृष्णराज वाडियार यांनी बसविली, हेही सांगतो. यापुढे आणखी एक गोष्ट सांगू: येथे एकेकाळी असे बंदी होते, की ज्यांच्यामुळे आपले एक मराठी पुराण वाचले. त्या कानडी सहकाऱ्यास आम्ही उत्तर दिले आहे. त्याने ते ऐकून घेतले आणि कानडीत असे काही आहे का, ते शोधतो म्हणाला. पुढील भाषा दिनाला प्रशस्ती नेहमीप्रमाणे होईल. तिच्या मागोमाग कोणी पहिल्या पुराणातला एखादा अध्यायही वाचून दाखविला, तर चहाला थोडा उशीर होईल इतकेच.